स्मॉल रायफल प्रायमर घेताना नंबर बघा

काडतुसं पुन्हा भरताना केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, तळात प्रायमर बसवायचा असतो; पावडर पेटवणारी ती छोटी टोपी. स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल प्रायमरचा व्यास एकच, ०.१७५ इंच. म्हणून पिस्तुलाचा प्रायमर .२२३ या रायफलच्या काडतुसाच्या केसमध्ये निमूट बसतो आणि गोची तिथेच होते. त्याची वाटी, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, पातळ. रायफलच्या दाबाने ती फुटली की तापलेला वायू थेट बोल्टकडे, म्हणजे काडतुसाला मागून अडवणाऱ्या भागाकडे, येतो.

रायफलचे प्रायमरही सगळे सारखे नसतात. रेमिंग्टन कंपनीचा ६½ नंबरचा प्रायमर .२२ हॉर्नेटसारख्या कमी दाबाच्या काडतुसांसाठी; .२२३ ला ७½ घ्यावा. सीसीआय कंपनीचा ४०० पातळ वाटीचा, ४५० जाड वाटीचा. सेमी-ऑटोमॅटिकसाठी मी जाडच घेतो. एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) सुटी असते. बोल्ट बंद होताना ती पुढे सरकून प्रायमरला टिचकी मारते. चेंबरमध्ये (रायफलमधल्या काडतुसाच्या जागेत) जाऊन न झाडता बाहेर काढलेलं काडतूस बघा, प्रायमरच्या मधोमध बारीकसा खळगा दिसतो.

बसवल्यावर केसच्या तळावरून बोट फिरवा. प्रायमर किंचित खोल लागला पाहिजे, वर आलेला मुळीच नको. आणि प्रायमर बदलला की पावडर पुन्हा मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून हळूहळू चढवत न्या. ४५० तर मॅग्नमच, म्हणजे जास्त जोरकस ठिणगीचा, आहे, तिथे जुनं माप धरून चालणार नाही.