नवा गायक, नवा अल्बम: गिटार आधी रेकॉर्ड करू नका

जुना गायक गेला, ऑडिशन झाल्या, नवा मिळाला. आठ-नऊ गाण्यांचे रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) तयार आहेत, ड्रमरने सुट्टी टाकली आहे, स्टुडिओची तारीख पक्की आहे. मग बहुतेक मेटल बँड ड्रम्स, बेस, डावी-उजवी गिटार उरकून घेतात आणि गायकाला शेवटच्या आठवड्यात बोलावतात. 'तो येईल आणि वर गाऊन जाईल.' अल्बम बिघडतो तो इथे, आणि बिघडलाय हे कळेपर्यंत पैसे भरून झालेले असतात.

माइक कसा लावायचा, क्लिक कसा द्यायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालू. पट्टीचा प्रश्न मात्र मुळापासून बघावा लागेल.

सुगम संगीतात गायक 'काळी एक' म्हणाला की पेटीवाला तिथे सरकतो आणि गाणं तेच राहतं. मेटलमध्ये पट्टी गिटारच्या सगळ्यात जाड तारेला बांधलेली असते. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये ती तार पांढरी तीन, म्हणजे ई. रिफ याच मोकळ्या तारेवर तळहात टेकवून चालतो आणि वरचे स्वर मधेमधे येऊन जातात. तो दोन घरं, म्हणजे दोन अर्धस्वर, खाली न्यायचा म्हटलं तर खाली तारच उरलेली नसते. दोन घरं वर नेला तर मोकळी तार जाऊन दुसरा फ्रेट येतो, डाव्या हाताचं एक बोट तिथे अडकतं आणि अर्धे रिफ वाजतच नाहीत. म्हणून मेटलमध्ये पट्टी बदलणं म्हणजे ट्यूनिंग बदलणं. ट्यूनिंग बदललं की तारा बदलतात, गिटारचं सेटिंग बदलतं आणि आधी रेकॉर्ड केलेले बेस आणि गिटार दोन्ही टाकून द्यावे लागतात. ड्रम्स तेवढे वाचतात.

'सॉफ्टवेअरमध्ये दोन स्वर खाली ओढू' हा सल्ला हमखास मिळतो. डेमोसाठी तो ठीक आहे. पक्क्या टेकमध्ये मात्र दाबलेल्या तारेचा आघात पसरट होतो, पिकचा टक्‌ असा आवाज मऊ पडतो आणि चार गिटार एकावर एक आल्या की सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं वाजतं. डीआय (अँपशिवाय थेट घेतलेला गिटारचा कोरा सिग्नल) घेतला असेल तर अँप नंतर बदलता येतो, पट्टी नाही. हा फरक गिटारवादकाला दोनदा सांगा.

आता गायकाचा गळा मोजायचा कसा. 'माझी रेंज तीन सप्तकं आहे' या वाक्याला किंमत देऊ नका. कधीतरी एकदा लागलेला स्वर आणि रोज उभा राहणारा स्वर वेगळे असतात. पंधरा मिनिटं गळा तापवा, मग गाण्यातलीच एक ओळ शब्दांसकट घ्या आणि एकेका अर्ध्या स्वराने वर चढवत न्या. नुसत्या आकारावर मोजू नका. आकार वर सहज जातो, तिथेच 'ई' किंवा 'ऊ' आला की गळा आवळतो. तीन खुणा करा: आवाज फुटतो तो स्वर, कसाबसा पोचतो तो स्वर, आणि पूर्ण बँड वाजत असताना चार सेकंद धरून आठ वेळा म्हणता येतो तो स्वर. कामाची खूण तिसरी. कोरसमधले, म्हणजे ध्रुवपदातले, बहुतेक शब्द तिच्याही दोन-तीन अर्धस्वर खाली बसले पाहिजेत. दुसरी खूण अख्ख्या गाण्यात एकदा वापरा, ब्रिजमध्ये किंवा शेवटच्या किंकाळीत. हीच मोजणी एकदा रिहर्सल संपल्यावर आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी करा. दोन्हींत मोठा फरक पडला तर खालचा आकडा धरा.

मग प्रत्येक गाण्यासाठी तीन नोंदी करा: टिकवायचा सर्वांत वरचा स्वर, तो किती वेळा येतो, आणि जास्तीत जास्त शब्द कुठल्या स्वरांवर आहेत. समजा कोरस वरच्या ए वर टिकतो, म्हणजे ४४० हर्ट्झ, आणि नव्या गायकाची तिसरी खूण जी वर आहे. फरक दोन अर्धस्वरांचा. ट्यूनिंग ई वरून डी वर, पांढरी दोनवर आणा. ही फार तर बरोबरी झाली, दमाला मोकळीक मिळाली नाही. कोरस आठ वेळा येत असेल तर आणखी एक घर खाली, काळी एक.

तीच तार दोन अर्धस्वर सैल केली की ताण साधारण २० टक्के उतरतो, चार केली तर ३७ टक्के. टेन्सचा सेट (१०-४६, म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) ठेवून डी लावलं तर जोरात पिक मारल्यावर स्वर आधी चढतो, मग जागेवर येतो. दोन गिटार असं करायला लागल्या की गायक बेसूर वाटतो आणि खापर त्याच्यावर फुटतं. डी साठी ११-५२ किंवा ११-५४, सी साठी १२-६० च्या आसपासचा सेट घ्या. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते, ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येतो, तेव्हा खाच रुंद करून घ्या. ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरवल्यावर गिटार रात्रभर ठेवा. मग मोकळी तार आणि बारावा फ्रेट ताडून पाहा. बारावा चढा असेल तर सॅडल (तारेचा खालचा टेकू) मागे. बेसलाही हेच सगळं लागू, आणि नेमका तोच विसरला जातो. मुंबईच्या पावसाळ्यात गिटारची मान रोज थोडी हलते, म्हणून दर टेकआधी ट्यूनर बघा.

घाबरून जाऊ नका, दरवेळी ट्यूनिंगच बदलावं लागतं असं नाही. पॉवर कॉर्डमध्ये सा आणि प एवढेच स्वर असतात, गंधार नसतो. त्यामुळे गायक पंचमावरून गंधारावर उतरला तरी खालच्या गिटारला काही फरक पडत नाही. कोमल घ्यायचा की शुद्ध, हे वर वाजणाऱ्या हार्मनी गिटारकडे बघून ठरवा. असे एक-दोन स्वर बदलून निम्मी गाणी सुटतात. नवी गायिका असेल आणि गाणी पुरुषासाठी बांधलेली असतील, तर पाच-सात अर्धस्वरांचा फरक पडू शकतो. तो ट्यूनिंगने भरून निघत नाही. पाच हवे असतील तर रिफ जाड तारेवरून शेजारच्या ए तारेवर न्या. बोटं जवळपास तीच राहतात, खालचं वजन थोडं जातं, ते बेसने भरा.

ठरवायचं कसं? गिटार डीआयमध्ये घ्या, ड्रम्स प्रोग्राम करा आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक गाण्याच्या डेमोपुरत्या चार प्रती काढा: मूळ, एक अर्धस्वर खाली, दोन खाली, तीन खाली. गायकाला कुठली प्रत कुठली ते सांगू नका. चारही कोरस गाऊन घ्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐका. अख्ख्या अल्बमला जास्तीत जास्त दोन ट्यूनिंग ठेवा. पाच ठेवलीत तर गिगला पाच गिटार उचलून न्याव्या लागतील.

आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचं उदाहरण दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. ब्रूस डिकिन्सन १९८१ मध्ये गायक म्हणून आला तेव्हा बँडचा जुन्या गाण्यांचा साठा आधीच्या दोन अल्बममध्ये संपला होता. १९८२ च्या अल्बमची गाणी नव्याने, तो आवाज हाताशी असताना लिहिली गेली. निर्माता मार्टिन बर्चने ती रेकॉर्ड केली आणि निकाल जगाला माहीत आहे. डिकिन्सन १९९३ मध्ये गेल्यावर ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. १९९५ आणि १९९८ च्या अल्बममध्ये त्याला साजेसं बरंच काही आहे. पण मंचावर डिकिन्सनची गाणी मूळ ट्यूनिंगमध्येच राहिली, रात्रीमागून रात्री ती ओढावी लागली आणि आवाजाच्या तक्रारींमुळे काही कार्यक्रम रद्दही झाले. बेलीला नावं ठेवणारे आजही भेटतात. गिटारच्या खुंट्या कुणी का फिरवल्या नाहीत, हे त्यांनी आधी विचारावं.

दुसरी गोष्ट चालीची. जुन्या गायकाने गुणगुणलेली चाल नव्याला पाठ करायला लावू नका. रिफ आणि गाण्याचा सांगाडा द्या, चाल त्याला बांधू द्या. ब्लॅक सॅबाथ बँडमध्ये गायक ऑझी ऑस्बर्न बरेचदा रिफच्या मागोमाग गायचा. १९८० च्या अल्बममध्ये रॉनी जेम्स डिओ आला आणि चाल रिफपासून सुटून कॉर्ड्सवरून फिरू लागली, त्याबरोबर गिटारवादक टोनी आयोमीचं लिहिणंही बदललं. गिटारवादकांचा अहंकार इथे आडवा येतो. येऊ द्या, पण बाहेर बसवा.

शब्दांचं गणितही आधीच करा. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) आठव्या मात्रांवर, म्हणजे ठोक्याला दोन धरून, सेकंदाला सहा अक्षरं होतात, ती म्हणता येतात. सोळाव्यांवर, ठोक्याला चार धरून, बारा होतात, आणि मराठी जोडाक्षरांसकट ती म्हणून दाखवणारा मिळाला तर त्याला सोडू नका. चार बार (सोळा ठोके) म्हणजे साधारण सव्वापाच सेकंद. त्यानंतर श्वासाची जागा लिहूनच ठेवा.

प्रत्यक्ष गाण्याच्या दिवसाबद्दल थोडक्यात. स्वच्छ, वरच्या आवाजाला दिवसाला दोन-तीन तास, ग्रोल-स्क्रीमला (गुरगुरणं-किंचाळणं) तास-दीड तास, त्यापुढे मिळालेले टेक बहुधा फेकायचेच असतात. एका ओळीचे चार-पाच टेक घेऊन त्यातून जोडा. चाळीस घेतले तर निवडणाराच बहिरा होतो. एसएम७बी सारख्या डायनॅमिक माइकला ६० डीबीच्या आसपास गेन लागतो, स्वस्त इंटरफेस तिथे हिस्स करतो. शिखरं उणे १० डीबीच्या खाली ठेवा. कोरसचे डबल (तीच ओळ पुन्हा गाऊन घेतलेले टेक) डावी-उजवीकडे लावून मुख्य आवाजाच्या सहा-आठ डीबी खाली ठेवा आणि त्यातले 'स' आणि 'ट' कापा. घरी रेकॉर्ड करणार असाल तर गणपतीचे दहा दिवस सोडून द्या. ढोल कुठलंच फोम अडवत नाही.

'गळा फुटू दे, मगच मेटलचा आवाज येतो' म्हणणारा सीनियर प्रत्येक शहरात एक तरी असतो. त्याच्याकडून केबल गुंडाळायला शिका, गाणं नको. स्क्रीमिंगमध्ये दुखलं तर तंत्र चुकतंय, एवढा साधा हिशोब आहे. गोळी घेऊन दुखणं दाबून गाणं तर अजिबात नको. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही गळ्यावर ताण येतो. घोगरेपणा दोन-तीन आठवडे हटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. शास्त्रीय गाणं शिकवणारे गुरुजी मेटलसाठी निरुपयोगी, असं मानणाऱ्यांचंही ऐकू नका. दमसास आणि सूर तेच पक्के करून देतात. ग्रोल शिकायला दुसरा माणूस शोधा.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण गाणं लॉक होईल त्याच दिवशी उरका. चाल आणि शब्द नव्या गायकाचे असतील तर त्यात त्याचा वाटा आहे. कोणाचे किती टक्के हे प्रत्येक गाण्यागणिक लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, पुढे आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदवताना तेच आकडे लागतात. त्याच्या आधीच्या बँडचा किंवा लेबलचा करार अजून चालू आहे का तेही विचारा. १९८२ च्या त्या मेडन अल्बमवर डिकिन्सनला गीतलेखनाचं श्रेय मिळालं नाही, कारण आधीच्या सॅमसन बँडच्या कराराची कटकट होती. एवढ्या मोठ्या बँडलाही ती चुकली नाही.

अल्बम हातात आला की गिग सुरू होतील आणि लोक जुनी गाणी मागतील. तीही याच तीन खुणांवर तपासा. एकामागे एक तीन उंच गाणी ठेवू नका, मधे एखादं वाद्यांचंच गाणं किंवा खालच्या पट्टीतलं घाला. जुन्या ट्यूनिंगमधली गिटार दुसऱ्या स्टँडवर ठेवून 'मूळ आवाज जपण्या'साठी हटून बसणारा सदस्य असेल, तर ते सगळे कोरस त्यालाच गायला लावा, एका रिहर्सलपुरते.