कॉकटीलच्या पिल्लाला हाताने भरवणे आणि स्वतः खायला शिकवणे

आधी पिल्लू कोणतं आहे ते पाहा. झाडावरून पडलेलं हिरवं, आपल्याकडचं पोपटाचं पिल्लू घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. नागपुरात असं पिल्लू सापडलं तर सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे वन विभागाच्या वन्यप्राणी उपचार केंद्राला द्या. खाली दिलेली मापं कॉकटीलची, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या ऑस्ट्रेलियन पोपटाची आहेत.

तीन आठवड्यांच्या आतलं पिल्लू नवख्याने घेऊच नये. भरवायला हँडफीडिंग फॉर्म्युलाच, म्हणजे पक्ष्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी, पाण्यात कालवायची तयार पावडरच वापरा. दूध, सेरेलॅक किंवा भिजवलेली बिस्किटं नकोत. पक्ष्याला दूध पचत नाही. पाण्याचं प्रमाण पाकिटावर पिल्लाच्या वयानुसार दिलेलं असतं, ते पाळा. तीन आठवड्यांनंतर मिश्रण पातळ दह्याइतकं दाट असावं.

सगळ्यात जास्त चुका तापमानात होतात. चोचीत जाताना फॉर्म्युला ४० ते ४१ अंश सेल्सियस हवा आणि तो थर्मामीटरनेच मोजायचा, बोट बुडवून नाही. ३८ च्या खाली गेला की पिल्लू तोंड फिरवतं आणि गळ्याखालची पिशवी, म्हणजे क्रॉप, हळू रिकामा होतो. ४३ च्या वर गेला तर क्रॉप भाजतो. ती जखम लगेच दिसत नाही. काही दिवसांनी कातडी काळी पडून तिथे छिद्र पडतं आणि खाल्लेलं बाहेर गळतं. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका देणारे गोळे राहतात, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून ढवळा. उरलेलं फेकून द्या, पुन्हा गरम करू नका.

एका वेळी वजनाच्या साधारण दहा टक्के द्या. ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ मिली, असं दिवसातून चार वेळा. सिरिंजचं टोक पिल्लाच्या डाव्या बाजूने चोचीत घालून त्याच्या उजव्या बाजूकडे वळवा. अन्ननलिका तिकडे असते. पिल्लू मान वर-खाली करत असतानाच दाबा, ते थांबलं की तुम्हीही थांबा. जबरदस्तीने ढकललं तर अन्न श्वासनलिकेत जातं. नाकातून फॉर्म्युला आला, श्वासाला टकटक आवाज येऊ लागला किंवा शेपटी श्वासाबरोबर हलू लागली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

क्रॉप दिवसातून एकदा, रात्रीतून, पूर्ण रिकामा व्हायलाच हवा. सकाळी तो भरलेलाच असेल आणि आंबूस वास येत असेल तर वरून आणखी भरवू नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे कूलर. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी त्याचा झोत थेट पिल्लू ठेवलेल्या डब्यावर सोडला की पिल्लू गारठतं आणि पचन थांबतं. उलट बंद खोलीत चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून ते धापा टाकू लागलं तर त्याला उकडतंय. खोलीत कूलर असू द्या, पण झोत दुसरीकडे वळवा. हिवाळ्याच्या रात्री पिसं पूर्ण न आलेल्या पिल्लाला डब्यात २९-३० अंशांची ऊब हवी. वीज गेली तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली बाजूला ठेवा. जवळपास नॉनस्टिक तवा तापवू नका, त्याच्या धुराने पक्षी दगावतात.

पाचव्या आठवड्यापासून उथळ ताटलीत राळे, मोड आलेले मूग, उकडलेला मका, किसलेलं गाजर, मेथी, बी काढलेली संत्र्याची छोटी फोड असं थोडं थोडं मांडत जा. मोड दोन-तीन तासांनी बदला, उन्हाळ्यात ते लवकर आंबतात. अवोकॅडो, चॉकलेट, कांदा आणि खारट पदार्थ कधीच नाहीत.

आधी दुपारची फीड कमी करा, मग सकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी. बहुतेक पिल्लांचं हाताने भरवणं सात ते दहा आठवड्यांच्या वयात सुटतं, पण तारीख ठरवून फीड तोडू नका, उपाशी राहिलेलं पिल्लू घाबरट होतं. रोज सकाळी क्रॉप रिकामा असताना पिल्लाचं वजन ग्रॅमच्या काट्यावर घ्या. उडायला लागताना दहा टक्क्यांपर्यंत घट चालते. त्याहून जास्त घटलं तर बंद केलेली एक फीड परत सुरू करा. भरवणं पूर्ण सुटल्यावरही दोन आठवडे वजन घेत राहा.