एच-१बीची ऑफर आली? सही करण्याआधी पगाराची पातळी तपासा

सोलापुरात यंत्रमागावर उभं राहण्याआधी नगाचा दर ठरतो. एच-१बी, म्हणजे कुशल नोकरीसाठीच्या अमेरिकी व्हिसावर तिथली ऑफर आली की मात्र वालचंद, ऑर्किडमधून शिकलेली मुलंसुद्धा डॉलरचे रुपये करून पाहतात आणि सही करतात. तो पगार तिथल्या बाजारभावाला धरून आहे का, हे कळतं एलसीए या कागदावरून, म्हणजे काम, ठिकाण आणि पगार लिहून कंपनी अमेरिकी कामगार खात्याकडे करते त्या अर्जावरून. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत त्याची प्रत तुम्हाला देणं कंपनीला बंधनकारक आहे. तुम्ही ती सहीआधीच मागा.

आधी त्यावरचा एसओसी कोड पाहा, म्हणजे अमेरिकी सरकारने त्या कामाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक. सॉफ्टवेअर डेव्हलपरचा कोड १५-१२५२. काम डेव्हलपरचं आणि कोड कमी पगाराच्या हुद्द्याचा, ही नेहमीची पळवाट. मग कामाचं ठिकाण: कंपनीचं मुख्य कार्यालय नव्हे, तुम्ही प्रत्यक्ष बसणार ते शहर. पुढे दुसऱ्या महानगर क्षेत्रात पाठवलं तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो.

आता वेतनपातळी. अमेरिकी कामगार खात्याच्या ‘फ्लॅग’ संकेतस्थळावर कोड आणि जिल्हा टाकला की चार आकडे येतात. त्या भागात तेच काम करणाऱ्या शंभर जणांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभं केलं, तर पहिली पातळी साधारण सतराव्याचा पगार, दुसरी चौतिसाव्याचा, तिसरी पन्नासाव्याचा, चौथी सदुसष्टाव्याचा. म्हणजे पहिल्या दोन्ही पातळ्या मध्याच्या खालीच. पाच वर्षांचा अनुभव असून कागदावर पहिली पातळी असेल, तर तुमचे पैसे जातातच, शिवाय तिथल्या अनुभवी माणसाला ‘याहून स्वस्तात मिळतो’ असं सुनवायला कंपनी मोकळी होते. कंपनीत त्याच कामाला तुमच्याइतकाच अनुभव आणि पात्रता असलेल्या इतरांना जास्त मिळत असेल, तर कायद्याने तुम्हालाही तो जास्तीचाच दर मिळायला हवा.

स्थानिकांवर एकूण परिणाम काय होतो, यावर अभ्यासकांत एकमत नाही. बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांच्या हिशेबानुसार परदेशी संगणकतज्ज्ञ आले नसते, तर २००१ मध्ये तिथल्या संगणकतज्ज्ञांचे पगार २.६ ते ५.१ टक्के जास्त असते. पेरी, शी आणि स्पार्बर यांना मात्र असे तज्ज्ञ आलेल्या शहरांत स्थानिक पदवीधरांचे पगार वाढलेले दिसले. आमच्या मते कमी पातळीवर केलेली भरती हाच खरा घाव आहे.

६०,००० डॉलर म्हणजे एच-१बीचा किमान पगार, हा समज चुकीचा आहे. ५१ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत किमान १५ टक्के लोक एच-१बीवर असतील, तर तिला आधी स्थानिक उमेदवार शोधावे लागतात आणि स्थानिकांना काढून त्यांच्या जागा भरता येत नाहीत. नेमलेल्यांना किमान ६०,००० डॉलर दिले की या अटींतून सूट मिळते. एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

प्रकल्प नाही म्हणून घरी बसवलं तरी पगार द्यावाच लागतो. अर्जाचा आणि वकिलाचा खर्चही कंपनीचाच. पैसे कापले, तर पगाराच्या पावत्या आणि एलसीए जोडून १२ महिन्यांच्या आत डब्ल्यूएच-४ अर्जावर कामगार खात्याच्या वेतन विभागाकडे तक्रार करा.