भुलेची खोली मोजताना या चुका टाळा

बीआयएसवर (भुलेची खोली आकड्यात दाखवणारा मॉनिटर; आकडा जितका कमी, भूल तितकी खोल) ४० ते ६० दिसलं की काम झालं, असं समजणारे रेसिडेंट प्रत्येक बॅचला भेटतात. हा आकडा म्हणजे कपाळावरच्या ईईजीवरून, म्हणजे मेंदूच्या विजेच्या लाटांवरून, काढलेला अंदाज, आणि तोही काही सेकंद मागचा.

सगळ्यात घातक चूक म्हणजे आकडा चढला की रिलॅक्संट, म्हणजे स्नायू ढिले करणारं औषध, ढकलणं. कपाळाच्या स्नायूंचे सिग्नल ईईजीत मिसळले की आकडा फुगतो, हे खरं. व्हेक्युरोनियमसारखं रिलॅक्संट दिलं की तो उतरतो, हेही खरं. पण भूल वाढलेली नसते, पेशंटला फक्त हलता येत नाही. पूर्ण जाग्या स्वयंसेवकांना नुसतं रिलॅक्संट दिलं, तरी बीआयएस ६० च्या खाली गेला, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं.

एका हॉस्पिटलात मला मदतीला बोलावलं होतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं, भूल प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या औषधाच्या पंपावर. आकडा ४८ वरून ७२ वर गेला, ईएमजीची (स्नायूंच्या सिग्नलची) पट्टी भरली. रेसिडेंटने दुसऱ्या हाताच्या कॅन्युलातून (शिरेतल्या नळीतून) व्हेक्युरोनियम दिलं. आकडा ५५ वर आला आणि सगळे निवांत झाले. नाडी मात्र ११० आणि बीपी चढतच होतं. मी चादर उचलली. प्रोपोफॉलची कॅन्युला शिरेबाहेर, हात कोपरापर्यंत सुजलेला, औषध सगळं कातडीखाली. सर्जनना थांबवलं, चालू शिरेतून प्रोपोफॉलचा बोलस (एकदम डोस) दिला, सेव्होफ्लुरेन हा भुलेचा गॅस उघडला. बाईंना नंतर काही आठवलं नाही. सुरुवातीला मिडाझोलाम हे आठवण न राहू देणारं औषध मिळालं होतं, त्याचीच कृपा असावी.

ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत भुलेत जाग आल्याची तक्रार साधारण १९,००० पेशंटमागे एक होती, रिलॅक्संट दिलेल्यांत सुमारे ८,००० मागे एक. म्हणून प्रोपोफॉलचा हात मी चादरीखाली जाऊ देत नाही, सर्जन कुरकुरले तरी. आकडा चढला की आधी शीर, नळी, पंप बघते. मग नाडी, बीपी, घाम, डोळ्यांतलं पाणी. मग ईएमजी आणि नर्व्ह स्टिम्युलेटर (रिलॅक्संटचा असर किती उरलाय ते दाखवणारं यंत्र). रिलॅक्संटचा नंबर शेवटी.

घामेजलेल्या कपाळावर सेन्सर चिकटवून पुढे पळणं ही घाईची दुसरी तऱ्हा. कपाळ पुसा, कोरडं होऊ द्या, प्रत्येक इलेक्ट्रोड पाच सेकंद दाबा. सिग्नल क्वालिटी कमी असेल तर आकडा वाचूच नका.

केटामाइन हे भुलेचं औषध दिल्यावर भूल उथळ झालेली नसतानाही आकडा वाढतो. त्यावर प्रोपोफॉल वाढवत नेऊ नका.

म्हाताऱ्या पेशंटचा बीआयएस २५ दिसला की 'छान झोपलेत' म्हणू नका. स्क्रीनवरची कच्ची लाट बघा, सपाट तुकडे दिसले तर भूल जास्त झालीय, औषध कमी करा. बीपी, तापमान आणि साखरही तपासा.

गॅसवर भूल असेल तर मॅकचा (श्वासातल्या भुलेच्या गॅसच्या मात्रेचं माप) अलार्म ०.७ ला लावा. २०११ च्या मोठ्या चाचणीत बीआयएस या साध्या अलार्मपेक्षा सरस ठरला नाही.

रिकव्हरीत नुसतं 'दुखतंय का?' विचारून निघू नका. झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं, उठल्यावरचं पहिलं काय, मधलं काही आठवतं का, स्वप्न पडलं का, हे विचारा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात पुन्हा विचारा, कारण काहींना उशिरा आठवतं. पेशंट 'हो' म्हणाला तर 'भास झाला असेल' म्हणून उडवू नका. त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिहा आणि सीनियरना बोलवा.