पैशांची चणचण असताना संगीतशिक्षण संस्थेने आधी काय जपावे

संगीत शिकवणाऱ्या सेवाभावी संस्थेची गंगाजळी आटू लागली, की सर्व खर्चांना सरसकट कात्री लावण्याचा ठराव कार्यकारिणीसमोर येतो. त्यात कोणीच फारसे दुखावत नाही, म्हणून तो चटकन मंजूरही होतो. परंतु प्रत्येक वर्ग थोडाथोडा अशक्त होऊन शेवटी एकही धड चालत नाही. त्यापेक्षा काही गोष्टी पूर्ण थांबवून उरलेल्या नीट चालवणे विद्यार्थ्यांच्या हिताचे असते.

प्रथम पुढील तेरा आठवड्यांत कोणत्या आठवड्यात किती रोख येणार आणि किती जाणार, याचा तक्ता करावा. विशिष्ट कामासाठी मिळालेल्या देणग्या त्यातून वेगळ्या काढाव्यात, कारण वाद्यखरेदीसाठी आलेले पैसे मानधनावर खर्च करणे हा विश्वासभंग ठरतो. गरज असेल तर देणगीदाराला परिस्थिती स्पष्ट सांगून त्याची लेखी संमती मागावी. ही विनंती वेळेवर केल्यास अनेकदा मान्य होते.

त्यानंतर प्रत्येक उपक्रमाचा निव्वळ खर्च मांडावा आणि तो बंद पडल्यास विद्यार्थ्याचे नेमके काय बुडेल, हे त्यासमोर लिहावे. माझ्या मते सर्वांत शेवटी हात लावावा तो आठवड्याच्या तासाला. व्हायोलिनचा गज धरायला नुकत्याच शिकलेल्या मुलाचा अंगठा शिक्षकाची नजर नसेल तर हळूहळू ताठर होतो, आणि ती सवय मोडायला शिकण्याहून अधिक काळ लागतो. वार्षिक मैफल मात्र सभागृह, ध्वनियोजना आणि छपाई यांना फाटा देऊन वर्गातच होऊ शकते. शिक्षकांचे मानधन ठरल्या दिवशी द्यावे, कारण शिक्षक गेला की त्याचे विद्यार्थीही विखुरतात. तास कमी करणे अटळ असेल, तर प्रारंभिक गट एकत्र करून वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवायला बसवावे. व्हेनेझुएलात 1975 साली सुरू झालेल्या ‘एल सिस्तेमा’ या संगीतशिक्षण उपक्रमाने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. शुल्कवाढ करायची असल्यास ती ऐपतीनुसार करावी आणि शुल्कमाफी टिकवावी, अन्यथा ज्यांच्यासाठी संस्था स्थापन झाली तेच आधी बाहेर पडतील.

वाद्यांची देखभाल पुढे ढकलण्याचा मोह मोठा असतो, पण ती बचत फसवी आहे. पियानोच्या सुमारे 230 तारांवर मिळून कित्येक टनांचा ताण असतो. दीर्घकाळ न जुळवलेला पियानो इतका उतरतो, की पुढे एका फेरीत तो सुरात येत नाही. वर्ग थांबल्यामुळे व्हायोलिन कपाटात ठेवावे लागले, तर त्याच्या सर्व तारा एकदम सैल करू नयेत. आतील आधाराची लाकडी दांडी केवळ दाबावर उभी असल्याने ती पडू शकते.

रोख शिल्लक किती आठवड्यांच्या खर्चाखाली गेल्यास कोणता वर्ग थांबवायचा, हे घबराट नसतानाच ठरावात लिहून ठेवावे. ती वेळ आली, तर शिक्षक आणि पालकांना तारीख आधी कळवावी, विद्यार्थ्यांना कोठे शिकता येईल ते सांगावे आणि त्यांच्याकडील वाद्ये निदान सत्र संपेपर्यंत परत मागू नयेत.