करंट उतरला म्हणजे औषध लागलं, असं नाही

पॅच क्लॅम्पवर, म्हणजे बारीक काचेच्या पिपेटने एकेका पेशीतला विजेचा करंट मोजणाऱ्या यंत्रावर, बसायला लागून तीन महिने झाले होते. एका दुपारी औषध सोडलं आणि पडद्यावरचा पोटॅशियम करंट हळूहळू निम्म्यावर आला. मी उड्या मारतच सिनियर ताईकडे गेले. तिने आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "औषध न घालता पंधरा मिनिटं थांबली होतीस का गं?"

दुसऱ्या दिवशी नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध ज्यात विरघळवतो ते द्रावक, सोडलं. करंट तरीही उतरला. पिपेटमधल्या द्रावणात पेशीच्या आतलं बरंच काही विरघळून जातं आणि करंट आपोआप घसरतो. याला रनडाउन म्हणतात. तेव्हापासून डीएमएसओचा कंट्रोल आणि शेवटी डोफेटिलाइडसारखा करंट नक्की अडवणारा खात्रीचा ब्लॉकर घेतल्याशिवाय मी कोणाला आलेख दाखवत नाही.

चॅनेल म्हणजे पेशीपटलातला आयनांचा दरवाजा; आमचा चॅनेल हर्ग. हृदयाचा प्रत्येक ठोका आवरता घेणारा पोटॅशियमचा दरवाजा. ईथर दिल्यावर पाय झटकत नाचणाऱ्या फळमाश्यांवरून या कुळाला 'ईथर-अ-गो-गो' नाव पडलं, त्यातलाच हा माणसातला भाऊ. टर्फेनाडिन नावाचं ॲलर्जीचं औषध १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं ते याच्यामुळे. एरवी यकृत त्याचं फेक्सोफेनाडिन करून टाकतं. पण सोबत कीटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन असलं की ते रक्तात साचतं, हर्ग अडवतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. फेक्सोफेनाडिन मात्र आजही दुकानात मिळतं.

नवीन मुलांना वाटतं, रेणू बाहेरून येऊन बुचासारखा बसतो. टेट्रोडोटॉक्सिन हे विष सोडियम चॅनेलला तसं करतं, खरं आहे. हर्गचे बहुतेक ब्लॉकर मात्र आधी पेशीपटल ओलांडून आत जातात, चॅनेल उघडला की आतल्या बाजूने पोकळीत शिरतात आणि टायरोसिन ६५२ व फेनिलॲलानिन ६५६ या चॅनेलमधल्या अमिनो आम्लांच्या वलयांना चिकटतात. दार मिटलं की काही रेणू आतच अडकतात. म्हणून प्रोटोकॉलमध्ये चॅनेल उघडायलाच हवा: पेशीचं व्होल्टेज उणे ८० वरून अधिक २० मिलिव्होल्ट, मग उणे ५०, आणि या शेवटच्या पायरीवर उसळणारा 'टेल' करंट मोजायचा.

दातांच्या डॉक्टरांचं लिडोकेनही आतूनच काम करतं. प्रभार नसलेला रेणू पटलातून जातो, आत प्रोटॉन घेतो आणि सोडियम चॅनेल अडवतो. सुजलेल्या हिरडीत आम्लता वाढलेली असते, प्रभाररहित रेणू कमी उरतात. तिथे इंजेक्शन नीट चढत नाही त्याचं हे एक कारण.

हाताचं काम वाचून येत नाही. पिपेट द्रावणात उतरवताना आतून थोडा दाब ठेवा, नाहीतर टोकाला कचरा बसतो. पेशीला टेकली की दाब सोडा आणि नळीने अगदी हलकं ओढा, गरम चहाचा पहिला भुरका घेतो तेवढंच. रोध मेगाओममधून गिगाओममध्ये गेला की सील बसलं, म्हणजे काच पेशीला घट्ट चिकटली. माझ्या पहिल्या आठवड्यात एकही बसलं नव्हतं.

आणि नळ्या बघा. तेलकट स्वभावाची औषधं प्लॅस्टिकला चिकटतात. बाटलीवर एक मायक्रोमोलर लिहिलेलं असतं, पेशीपर्यंत त्याहून कमीच पोचतं. माझा एक रेणू यामुळे 'कमजोर ब्लॉकर' ठरला होता. काचेची बाटली आणि टेफ्लॉनची आखूड नळी लावल्यावर डोस कर्व्ह चांगलाच डावीकडे सरकला, म्हणजे कमी डोसमध्येच करंट अडायला लागला. ताईने जुनी नळी कात्रीने कापून डस्टबिनमध्ये टाकली. माझे दोन महिने त्या नळीत गेले होते.