सोसायटीत राहायला जाताना उपविधी वाचून जावेत

सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका घेतल्यावर नवा सभासद आधी सुताराला गाठतो. उपविधींची, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांची, प्रत मागायचे मात्र त्याला क्वचितच सुचते. महाराष्ट्रातील सोसायट्यांमध्ये ज्या मुद्द्यांवरून वर्षानुवर्षे अबोला धरला जातो, त्यांपैकी बहुतेकांची उत्तरे त्या पुस्तिकेत छापलेली असतात. म्हणून सचिवांकडून ती प्रत घ्यावी आणि मेंटेनन्सचे पहिले बिल हाती येताच दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

बिलातील सगळ्या रकमा एकाच हिशेबाने आकारल्या जात नाहीत. सफाई, पहारा, कार्यालयीन खर्च यांचे सेवा शुल्क आदर्श उपविधींनुसार लहानमोठ्या सर्व सदनिकांना सारखेच असते आणि लिफ्टचा खर्चही सर्वांमध्ये समान वाटला जातो, त्यामुळे तळमजल्यावरील सभासदाला ‘मी लिफ्टमध्ये पाऊलही ठेवत नाही’ एवढ्यावर सूट मिळत नाही. पाण्याचा आकार मात्र नळजोडण्यांच्या संख्येवर ठरतो, तर सिंकिंग फंडासाठी (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी) जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी द्यावी लागते. घर भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः तिथे राहत नसल्याबद्दलचा आकार) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाही. एखादी रक्कम चुकीची वाटली तरी बिल थकवू नये, कारण थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते. हरकत लेखी नोंदवून पैसे भरावेत आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी.

खरी कसोटी लागते ती गळतीच्या वेळी. न्हाणीघराच्या छतावर ओलीचा डाग दिसताच वरच्या मजल्यावर तावातावाने जाण्याआधी तो डाग काही दिवस नीट पाहावा आणि तारीख घालून त्याची छायाचित्रे काढावीत. डाग पावसाळ्यातच पसरत असेल, तर संशय गच्ची, बाहेरची भिंत किंवा सामाईक पाइप यांच्यावर जातो, आणि ती दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायला हवी. ऐन उन्हाळ्यातही थेंब गळत असतील, तर वरच्यांना विनंती करून त्यांची न्हाणी दोन-तीन दिवस कोरडी ठेवून पाहावी. तेवढ्यात गळती ओसरली, तर दोष त्यांच्या फरशीत किंवा आतल्या पाइपात असण्याचा संभव मोठा आणि तो खर्च त्या सभासदाचा. (‘आमच्याकडे तर काहीच ओल नाही’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी, पाणी खाली उतरत असल्यामुळे त्यांना ती दिसत नाही.) तोंडी बोलून महिनाभरात काही हालले नाही, तरच व्यवस्थापक समितीला पत्र द्यावे आणि सोबत छायाचित्रे जोडावीत.

आवाज, पार्किंग, पाळीव प्राणी यांविषयी आधी दार वाजवून बोलावे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार टाकली की साधे गाऱ्हाणेही अब्रूचा प्रश्न होऊन बसते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. त्या दिवसांत ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल वाचून प्रश्न लेखी पाठवले, तर समितीला कागद शोधायला अवधी मिळतो. सभेत काय ठरले ते स्वतःच्या वहीत टिपून ठेवावे आणि इतिवृत्ताचा मसुदा आल्यावर त्याच्याशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास तो लगेच सचिवांना लेखी कळवावा.